एकोणीस शंका

पत्र रशियनमध्ये होतं. त्रिशलानं ते दोनदा वाचलं आणि लॅपटॉप जरा स्वतःकडं वळवून घेतला.

"काय म्हणतोय म्हातारा?" अनुजानं विचारलं. कुरुंदवाडच्या क्षारपड रानातली माती ती चाळणीतून गाळत होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर पांढरट ढेकळांची रांग लागली होती.

"थांब. नीट बघू दे."

"बघ की. मोबाईलनं दोन मिनिटांत सांगितलं असतं, पण त्यातलं भाषांतर लई ठाम बोलतंय. तुझंच बरं."

बोलताना अनुजा कधी शंका घेत नसे. शोधनिबंधात मात्र घ्यावी लागे. रानातलं मीठ नदीच्या पाण्यातून आलेलं नसावं, जमिनीच्या पोटातूनच वर येत असावं, असा तिचा मुद्दा होता. तो इंग्रजीत मांडताना तिनं 'असू शकेल' या अर्थाचा एकच 'मे' एकोणीस वेळा वापरला होता. तिकडच्या नियतकालिकासाठी तो रशियनमध्ये नेताना त्रिशला तिला एकेका ठिकाणी अडवून विचारत गेली होती. इथं किती खात्री आहे? आणि इथं? महिनाभर हेच. एकोणीस शंका निघाल्या, प्रत्येकीचं वजन निराळं. त्या तशाच निराळ्या तिनं उतरवल्या. निबंधावर नाव अनुजाचं होतं.

आता तो वाचून रशियातले प्राध्यापक ओरेखोव लिहीत होते, 'इतकी तोलून घेतलेली शंका मी फार वर्षांनी वाचली. जेवढं माहीत आहे तेवढंच तुम्ही म्हणता, रतीभरही जास्त नाही. सप्टेंबरमध्ये आमच्याकडे सहा महिन्यांसाठी या. सगळी व्यवस्था आम्ही करू. या आठवड्यात कळवा, नाहीतर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल.'

त्रिशला अठरा वर्षं कॉलेजात रशियन शिकवत होती. रशियातला बर्फ तिनं क्रमिक पुस्तकातच पाहिला होता.

"अगं, सांग की."

त्रिशलानं घसा साफ केला. "म्हणतात, निबंध आवडला. पुढंमागं शक्य झालं, तर कदाचित तुमच्या भेटीचा विचार करता येईल."

अनुजाचा हात थांबला. "बोलावलं न्हाय?"

"कदाचित, असं म्हटलंय."

"कदाचित म्हणजे न्हायच की." ती हसली, पण चाळणी जरा जोरात आपटली. "जाऊ दे. तू राबलीस म्हणून निदान आवडला तरी."

त्रिशलाची नजर पुन्हा पत्रावर गेली. अजूनही खरं सांगता येण्यासारखं होतं. तिनं तोंड उघडलं.

"पुढच्या निबंधात तुझं नाव टाकतो बघ," अनुजा म्हणाली. "शेवटी, आभारात."

त्रिशलानं तोंड मिटलं.

"उत्तर लिही. सध्या न्हाय तर न्हाय, पण कदाचित नंतर कधी जमंल म्हणावं. तेवढी वाट उघडी राहू दे."

असल्या 'कदाचित'साठी त्रिशलाकडं रशियनमध्ये चार-पाच शब्द तयार होते. त्यातला एकही तिनं घेतला नाही. येणं शक्य नाही, आभारी आहे, एवढंच एका ओळीत टाईप केलं, खाली अनुजाचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

"घातलंस नव्हं माझं कदाचित?"

"घातलं."

अनुजानं पुढचं ढेकूळ उचललं, वरची पांढरी खपली नखानं काढून जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"बघ. नदीचं पाणी गोडच हाय. खालचं मीठ वर येतंय." उरलेली खपली तिनं त्रिशलापुढं धरली. "आता हे ठामच लिहू या. काय?"

"अजून नको," त्रिशला म्हणाली आणि तिनं लॅपटॉप मिटला.