शाईतला गणपती

"गणपतीच आहे," सुमित्राकाकू म्हणाल्या आणि भर गॅलरीत त्यांनी हात जोडले.

भिंतीवर काळ्या शाईचा एक छाप लावलेला होता. मधोमध मोठा करडा चौकोन, त्यावर शेकडो बारीक तिरप्या रेघा, एक कोपरा वळलेला आणि वरच्या बाजूला दोन पांढरे ठिपके. खाली नाव नव्हतं. या प्रदर्शनाची रीतच तशी होती. आधी बघणाऱ्यांनी रेषांत आणि आकारात काय दिसतं ते सांगायचं, मग चित्रकार तोंड उघडणार. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळातले दहाबारा जण आले होते. आपल्या लोकांना ढगातसुद्धा गणपती दिसतो, इथे तर दोन डोळे आयतेच मिळाले. वळलेल्या कोपऱ्याची सोंड झाली. एकाने मोदकही शोधून काढला.

अनिका बाजूला उभी राहून हसत होती. तिचं लक्ष मात्र बाबांकडे होतं.

जगन्नाथराव मनाविरुद्ध आले होते. लेकीने फार्मसी अर्ध्यात सोडून ही छापकला धरली, तेव्हापासून चार वर्षं दोघांत हवापाण्यापलीकडे बोलणं नव्हतं. आपण या देशात किती राबलो हे पोरीच्या गावीही नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. काही कळलं नाही तरी चार बरे शब्द बोला, ती वाट बघतेय, असं त्यांच्या बायकोने, देवयानीबाईंनी, गाडीत बजावलं होतं. जगन्नाथरावांनी 'छान आहे' एवढं तयार ठेवलं होतं.

त्यांची पाळी आली. ते चष्मा सावरून पुढे झाले. जन्मभर मशीनची ड्रॉइंग्ज तपासलेला माणूस, नजर आधी मापांकडेच जाते. डावा ठिपका गोल होता. उजवा षटकोनी. गणपतीला असा डोळा कोण काढील? मग त्यांनी रेघा पाहिल्या. सगळ्या डावीकडे झुकलेल्या. उजवा खांदा दुखणारा माणूस ढकलताना असाच डावीकडे ओढला जातो. वळलेला कोपरा पाहिला आणि त्यांचा हात आपोआप खांद्यावर गेला.

"गणपती म्हणा आणि मोकळे व्हा," देवयानीबाई हळूच म्हणाल्या.

"हा बोल्ट मी लावलाय," जगन्नाथराव म्हणाले. "रिव्हेट तुटला होता. हे आपलं स्नो शव्हल आहे, बर्फ काढायचं. घर विकलं तेव्हा मी ते ट्रॅशमध्ये टाकलं होतं."

सुमित्राकाकूंचे जोडलेले हात खाली आले.

अनिकाने मान डोलावली. तिनेच ते कचऱ्यातून काढून नेलं होतं. पत्रा कापून सपाट केला, त्यावर शाई चोळली आणि पुसली. शाई उरली ती फक्त ओरखड्यांत. बोल्टचं आणि उरलेल्या रिव्हेटचं डोकं जिथे बसलं होतं, तिथला पत्रा कोरा राहिला. चित्रातली एकही रेघ तिने ओढलेली नव्हती. वीस हिवाळे ड्राइव्हवेच्या काँक्रीटवर ते फावडं घासलं होतं, त्याच या रेघा. "ऑल यू, बाबा," ती म्हणाली.

वीस वर्षं पहाटे साडेचारला उठून जगन्नाथरावांनी बर्फ काढला होता. बायकोची गाडी अडू नये, लेकीची शाळेची बस चुकू नये, आणि आपल्यालाही गाडी काढून स्टेशनवर ट्रेन गाठता यावी म्हणून. कधी कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

"पण मी पहाटे बर्फ काढायचो, ते तुला कसं माहीत?" त्यांनी विचारलं. "तेव्हा तर अख्खं घर झोपलेलं असायचं."

"मी रोज खिडकीत असायचे, बाबा. तुमची गाडी वळेपर्यंत."