पुरवून

"अजून एकदा! जोरात!" भावना म्हणाली. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण इतक्या हळू, की त्याही संध्याकाळपर्यंत पुरवायच्या होत्या जणू.

मानपाड्याच्या तिच्या कारखान्यात मिठाईचे खोके होतात. मंदीत तिथे माश्या मारायची वेळ आली होती. आता कुठे नौपाड्याच्या एका मिठाईवाल्याने दिवाळीची ऑर्डर दिली होती. माल आज चारच्या टेम्पोत गेला नाही तर पुढचं काम दुसऱ्याला, असं त्याने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं होतं. शेवटी मिठाईवालाच तो. म्हणून तर भावना काल एका शिबिराला जाऊन उत्साह कसा आणायचा ते शिकून आली होती. तिथे जमलं होतं. इथे मात्र मंडळी टाळ्या वाजवून निमूट टेबलाशी गेली आणि पुन्हा गोगलगाय झाली.

तिने पुन्हा घड्याळाकडे बघितलं. ही माणसं आळशी नव्हती. पूर्वी याच टेबलावर खोक्यांची चळत छताला भिडायची. मग झालं काय होतं यांना?

ती पुठ्ठ्यांच्या थप्पीमागे उभी होती, तेव्हा तिला मंजुळामावशींचा आवाज आला. मावशी कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या. त्यांनी रिबीन बांधली, सोडली, बोटाने नीट केली, पुन्हा बांधली. शेजारची निशा मात्र नवी होती, भराभर बांधत होती.

"अगं, दमानं," मावशी कुजबुजल्या. "पुरवून कर. हे संपलं की काय करशील?"

"काय?"

"घरी बसशील. मागच्या टायमाला काम संपलेलं, तेव्हा तिघींना घरी पाठवलं. आपण पुरवून केलं म्हणून बाकीचे राहिलो."

भावना तिथेच थिजली. कल्याणच्या दोन ऑर्डरी तिच्या हातात होत्या. त्यांचा पुठ्ठासुद्धा शेजारच्या गाळ्यात येऊन पडला होता. आधीच दमलेत बिचारे, आणखी ओझं कशाला दाखवायचं, म्हणून तिनेच तो झाकून ठेवला होता. तिला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं.

"शिवराम!" तिने सुपरवायझरला हाक मारली. "शेजारचा सगळा पुठ्ठा इकडे आणा. आत्ता."

"इकडे? ठेवू कुठे, मॅडम?"

"जेवायच्या टेबलावर."

गठ्ठे येत गेले. टेबल भरलं, बाकडी भरली, पाण्याच्या पिंपाची वाट बंद झाली. मावशी रिबीन तशीच धरून बघत राहिल्या.

"हे कोणाचं?"

"आपलंच, मावशी. कल्याणचं. माझं चुकलं, आधी सांगायला हवं होतं. आणि त्या तिघींनाही आजच फोन करते."

"मग आम्ही जेवायचं कुठं?"

"जागा कराल तिथं!"

मग मावशींनी पदर खोचला. "ए निशा, हात चालव की! काय गोंजारत बसलीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, पुरवून!"

"ते सकाळी म्हणालेली!"

त्यानंतर कोणाला टाळ्या वाजवायला सांगावं लागलं नाही. कोणीतरी शिट्टीवर गाणं धरलं, दुसऱ्याने ते बिघडवलं, त्यावरून भांडणही झालं. जेवण सगळ्यांनी उभ्याने, एका हातात पोळीची गुंडाळी धरून उरकलं आणि कारखान्यात भाजीच्या वासासोबत हसण्याचा गलका भरला. चारच्या टेम्पोचं दार लावताना शिवरामला खांदा लावावा लागला, इतका तो भरला.

टेम्पो वळला. घाम पुसत भावना आत आली, तर मावशी कल्याणच्या खोक्यांना भिडल्याही होत्या.

"मॅडम," त्यांनी रिबिनीचं रिकामं होत आलेलं रीळ वर धरलं. "रिबीन संपत आली. पुरवून वापरू?"

"अजिबात नाही!" भावना ओरडली आणि रिबीन आणायला स्वतःच रस्त्यावरच्या रिक्षामागे धावत सुटली.