सोळावर अडलेले सर

या, जरा पुढे सरकून बसा. एका गणिताच्या मास्तरांची गोष्ट आहे, घटकाभराचीच.

सर निवृत्त झाले तरी रोज कॉलेजच्या गणित विभागात यायचे आणि कोपऱ्यातल्या टेबलावर सोळा घटकांच्या एकाच ग्रुपचे, म्हणजे गणितातल्या एका रचनेचे, तक्ते मांडत बसायचे. नऊ वर्षं तेच. "सरांचं गाडं सोळावर अडलंय," असं चहाला सगळे म्हणायचे. सगळ्यांत मोठ्यानं हसायची ती त्यांचीच लाडकी विद्यार्थिनी, आता विभागप्रमुख झालेली. जिच्यामुळे तिला नोकरी लागली आणि नावही झालं, ती तिची सिद्धता तर सगळ्याच ग्रुपांना लागू होती. एका सोळाचं काय घेऊन बसायचं?

सर गेल्यावर त्यांच्या बायकोनं, काकूंनी, त्यांची वही तिला आणून दिली.

"बघ गं, काही कामाचं आहे का. नाहीतर रद्दीत घालते."

पहिल्या पानावर तिचीच सिद्धता होती, आणि खाली सोळा घटकांचा तो ग्रुप, ज्याला ती लागू पडत नव्हती. समासात सरांचं अक्षर होतं: 'पोरीला एवढ्यात सांगायचं नाही. आधी दुरुस्ती सापडू दे.' पुढची सगळी पानं दुरुस्तीची होती. शेवटचं पान अर्धं कोरं होतं.

"आहे का काही?"

"आहे, काकू. माझी चूक आहे."

"मग राहू दे तुझ्याकडेच."

तिला रडूसुद्धा येईना. चहाची वेळ झाली तशी ती उठली आणि वही सगळ्यांपुढे उघडून ठेवली.

सिद्धतेचं राहू द्या, बाबांनो. नऊ वर्षं हसं सोसलेल्या त्या मास्तरांची तेवढी आठवण ठेवा.