न बांधलेला पूल

टेंडर कुणाला द्यायचं हे ठरवण्याआधी कार्यकारी अभियंता मृदुला पेडणेकर डोळे मिटून यंत्राच्या खुर्चीत बसल्या. ठेकेदाराची आजवरची कामं जोखून, त्याने अजून न बांधलेला पूल हे यंत्र स्वप्नात उभा करी, तोही तीस वर्षं वापरून झालेला.

खाडीवर धुकं होतं. त्यातून हळूहळू पूल दिसू लागला. पुलाच्या तोंडाशी एक म्हातारी उभी होती. मृदुलाबाईंनी तिला ओळखलं. त्या स्वतःच होत्या.

"पलीकडे जायचं नाही का?"

"लेक राहते तिकडे. रोज इथवर येते मी," म्हातारी म्हणाली, "पण पायाखाली हलतो गं हा. जीव धजत नाही."

पलीकडच्या काठावरून कुणीतरी हात हलवत होतं. मृदुलाबाईंनी पुलावर पाऊल ठेवलं, आणि झोपेत कूस बदलावी तसा तो हलला. त्या मागे फिरल्या.

जाग आली तेव्हा ठेकेदार सावर्डेकर दाराशी थांबले होते. "मॅडम, आमची कागदपत्रं चोख आहेत. दरही सगळ्यांत कमी."

"कागदांत काहीच खोट नाही," अपात्रतेचा शेरा लिहीत मृदुलाबाई म्हणाल्या. "पण तुमच्या पुलापलीकडे माझी लेक उभी होती, सावर्डेकर. मला तिच्यापर्यंत जाता आलं नाही."