तांबडं गोएन

"गॅसवर भाजलंस की मेणबत्तीवर?" कुरामोचींनी विचारलं. नाण्याला त्यांनी अजून हातही लावला नव्हता. ट्रेमधल्या त्या पाच येनकडे ते उष्ट्या ताटाकडे बघावं तसे बघत होते.

समोरचा नुमाजिरी हसला. चाळिशीचा माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात पुदिन्याची गोळी. "काय साहेब, आल्या आल्याच फटकारता! दोनदा येऊन गेलो, तर दुकानाला कुलूप. आज भेटलात तर जरा नीट तरी बघा. पाचचं नाणं पिवळं असतं ना? हे तांबडं आहे. दहाच्या तांबूस धातूवर पाचचा ठसा पडलाय! टाकसाळीची चूक! तुम्ही फक्त 'अस्सल' लिहून शिक्का मारा. नागोयाच्या नाण्यांच्या मेळ्यात हे विकून मी गाडी घेऊन परत येतो की नाही बघा."

ते खोटं नव्हतं. त्या भागात एखाद्या नाण्याला कुरामोचींनी अस्सल म्हटलं की विषय संपत असे. हा एक शब्द त्यांनी आयुष्यभर जपला होता, आणि त्यासाठीच नाही नाही ती माणसं त्यांच्या दुकानाची पायरी चढत. कुणी पाचच्या नाण्याचं मधलं भोक बुजवून आणी, कुणी दोन नाणी घासून एकमेकांना चिकटवून आणी, कुणी ॲसिडात बुडवून. आणि वर आईच्या शपथा! या सगळ्या लबाडांची त्यांना इतकी शिसारी आली होती की दाराची घंटा वाजली तरी तोंड कडू व्हायचं.

"पितळ आहे ते," ते म्हणाले. "पितळ कडक आगीत भाजलं की त्यातलं जस्त उडून जातं. तांबं वर येतं. चूक टाकसाळीची नाही, तुझी आहे. उचल आणि चालायला लाग."

नुमाजिरीचं हसू मावळलं. तो खरोखरच दुखावला गेला होता. "मी भाजलेलं नाही हो! आच लागली असेल, नाही म्हणत नाही. पण आचेनं नाणं काळं पडतं, लाल नाही होत. दहाची किती बघितलीत मी! सगळी काळीच निघतात. लाल निघालेलं हे एकच."

"निघतात? कुठून निघतात?"

"कामावर."

"काय काम करतोस तू?"

नुमाजिरीनं गोळी या गालातून त्या गालात फिरवली. "वर असतो. डोंगरावर. मागच्या बाजूला, भट्टीपाशी."

त्या गावात डोंगरावर म्हटलं की पुढचं विचारावं लागत नाही. तिथं दहनगृहच आहे, दुसरं काही नाही. घरचे लोक पुढच्या दालनात थांबतात, भट्टीवरचा माणूस त्यांना दिसत नाही आणि त्यालाही ते दिसत नाहीत.

कुरामोचींनी खुर्ची मागं सरकवली. "प्रेताच्या राखेतून उचललंस तू हे? मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोस आणि माझा शिक्का मागायला येतोस? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"लाज कसली? चोरी थोडीच केली!" नुमाजिरीचा आवाज चढला. "हाडं वेचली, कलश भरला, माणसं घरी गेली. मागं उरेल ते झाडायचं काम माझंच. धातू ठेवायला बंदी आहे, बाहेर ठळक पाटी लावलीय. तरी लोक लपवून ठेवतात, नि मग मागायला कुठल्या तोंडानं येणार?" मग एकदम त्याला हसू आलं. "आणि हे ठेवणारा तर वेडाच दिसतो. सगळे दहा ठेवतात, मेल्यावर नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याला द्यायला. यानं पाच ठेवलं. गोएन! पुढच्या जन्मीही हीच बायको मिळू दे म्हणून असेल. हौस बघा!"

गोएन म्हणजे पाच येन, आणि गोएन म्हणजे ऋणानुबंधसुद्धा. देवळाच्या पेटीत नाणं टाकताना लोक एवढ्यासाठीच पाचचं शोधतात. लहान मुलांनाही ठाऊक असलेला हा शब्दांचा खेळ. नुमाजिरी त्यावर खांदे उडवत खिदळत राहिला. त्याचा तो पुदिन्याचा वास काउंटरच्या अलीकडे येत होता. कुरामोचींना वाटलं, याच्या तोंडावर थुंकावं.

ती ब्याद एकदाची दुकानाबाहेर जावी म्हणून त्यांनी नाणं चिमट्यात उचललं, आणि पारख्याच्या हाताला जी खोड असते ती असतेच, देता देता ते उलटून बघितलं.

पुढची भाताची लोंबी सरळ उभी होती. उलटल्यावर मागं कोरलेलं सालही सरळच उभं राहायला हवं होतं. ते आडवं होतं. काजळीतूनही स्पष्ट दिसत होतं.

त्यांनी नाणं पुन्हा सरळ केलं, पुन्हा उलटलं.

"काय झालं?" नुमाजिरीनं विचारलं.

"मागचा ठसा फिरलाय."

"म्हणजे काय?"

"टाकसाळीची चूक."

"बघा! म्हटलं नव्हतं मी?" नुमाजिरीनं काउंटरवर थाप मारली. "आणि मला म्हणे लबाड! आता आधी भिंग लावा, वजन करा, काय ते सगळं नीट करा. उद्या कुणी म्हणायला नको की कुरामोचीसाहेबांनी न बघताच अस्सल म्हटलं."

कुरामोचींनी चिमटा खाली ठेवला. नाणं उघड्या तळहातावर घेतलं आणि मूठ मिटली.

"अस्सलच आहे," ते म्हणाले. "माझ्या बायकोच्या हातात मीच ठेवलं होतं."