काटा शून्यावर येईना

"दहा पूर्णांक आठ," हंसानं वाचलं.

लहरी सोडणाऱ्या त्याच ऑसिलेटरवर, त्याच मीटरनं शेजारच्या कृष्णकांतनं मघाशी दहा पूर्णांक एक मायक्रोवॅट वाचले होते. सलग चौथ्या दिवशी हंसाचाच आकडा मोठा आला होता.

चाचणी विभागाच्या नरहरी सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अनिश्चितता किती धरलीत?"

"अधिक-उणे शून्य पूर्णांक तीन." तिनं नोंदवही पुढे केली. जोडणीतून मागे परतणारी शक्ती, सेन्सरची चूक, मीटरची चूक. प्रत्येक कारणापुढे आकडा होता. 'मी' कुठेच नव्हतं. वहीत 'मी', 'माझं' लिहायचं नाही, हा सरांचा नियम. मोजणारा कुणीही असो, उत्तर तेच यायला हवं.

"मग वरचे शून्य पूर्णांक सात कुठून आले?" सरांनी आवाज खाली आणला. "हंसाबाई, पाचपर्यंत कारण शोधा. नाहीतर उद्यापासून पॅकिंगला बसा. तिथं डोकं लागत नाही."

पॅकिंगला बायका बोलत. एकनाथबद्दल विचारत. या टेबलापाशी कुणी काही विचारत नव्हतं. बोईसरच्या या कारखान्यात रोज यायचं ते एवढ्यासाठीच.

एडवणच्या किनाऱ्याला होडी तिच्या नवऱ्याशिवाय, एकनाथशिवाय परत आली, त्याला तेवीस दिवस झाले होते. हंसा रडली नव्हती. जेवत होती, गाडी पकडत होती, आकडे लिहीत होती. आज सकाळी चहा देताना सासूची बोटं तिच्या हाताला लागली. वत्सलाबाई दचकल्या.

"मासलीवरच्या बर्फावानी गार हायस गो. रड ना एकदा. अशी कशी दगड झालीस?"

सासू म्हणते ते खरंच असेल, असं हंसाला वाटलं होतं.

तिनं पुन्हा सुरुवात केली. मीटर शून्यावर आणला. सेन्सर जोडून ऑसिलेटर चालू केला. सेन्सर अंगठ्याएवढा. येणारी शक्ती तो पोटात घेतो, तापतो आणि मीटर ती ऊब मोजतो. दहा पूर्णांक आठ. तिनं ऑसिलेटर बंद केला. काटा घसरला, पण शून्याच्या थोडा वरच थांबला.

कृष्णकांत डोकावला. "बंद केलात ना? मग हा मोजतोय काय, भूत?" बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

हंसाचं लक्ष नव्हतं. ती आपल्या डाव्या हाताकडे बघत होती. सेन्सर मुठीत होता. पूर्वी ती तो जोडून हात काढून घ्यायची. कधीपासून धरून बसायला लागली, तिला आठवेना.

तिनं मूठ उघडली. काटा हळूहळू शून्यावर आला. तिनं मूठ मिटली. काटा चढू लागला आणि शून्य पूर्णांक सातवर थांबला.

"सापडलं, सर."

सरांनी स्वतः करून पाहिलं. "अहो, मग सोडा की तो! संपला प्रश्न. पॅकिंगचं विसरा. वहीत तेवढं कारण लिहा."

हंसानं पेन उचललं. यादीच्या तळाशी लिहिलं, 'हाताची ऊब: ०.७'.

थोडा वेळ ती ते शब्द बघत राहिली. मग नियम मोडून, त्यांच्या आधी तिनं बारीक अक्षरात आणखी एक शब्द घातला.

'माझ्या'.