आंधळा पंच

"पंचा, आंधळा आहेस का रे?" इंग्लंडमधल्या फेदरस्टोनच्या रग्बी मैदानावर प्रेक्षकांच्या पुढच्या रांगेतल्या सिरिलची ही आरोळी मी लहानपणापासून ऐकत आलो. मग त्याचीच दृष्टी गेली आणि आवाजही विझला. तेव्हा त्याची बायको डोरीन शेजारी बसून त्याच्या कानात सामना सांगू लागली.

"त्यांनी नियम मोडून चेंडू पुढे फेकला, तर चाललं. आपण तस्साच फेकला, तर लगेच शिट्टी!"

"त्यांना साय नि आम्हाला ताक? आंधळा आहेस का रे?" सिरिल पुन्हा पेटायचा, गाल लालबुंद व्हायचे आणि डोरीन सुखावायची.

काल सामना संपल्यावर त्याने तिचा हात चाचपला.



"डोरीन, खरंच अन्याय होतो ना, तेव्हा अख्खं मैदान ओरडतं गं. हा सगळा हंगाम मी एकटाच ओरडतोय."